सराईवरचे पत्रे

राजेश्वर गावाजवळची जुनी दगडी सराई सरकारच्या संरक्षित यादीत होती. म्हणून सरकारनंच तिच्यावर सिमेंटचे पत्रे ठोकले होते. वीस वर्षांनी, १९८८ साली, ते शोभत नाहीत हे सरकारच्याच ध्यानात आलं. शुक्रवारी मोठे साहेब पाहणीला येणार होते. ओव्हरसिअर किशनरावांना घाई झाली, आणि घाई झाली की त्यांना घणाशिवाय दुसरं हत्यार सुचत नसे.

“फोडा अन् टाका खाली!”

मजूर बायांची मुकादम विमलबाई पुढं आली. “फोडायचं न्हाई, सायेब.”

“कामून? पत्रा काय साप हाय चावायला?”

“सापाचं इख लगीच कळतंय, ह्याचं वीस वरसांनी. ह्यात ॲस्बेस्टॉस हाय. माजा मालक मुंबईला पत्र्याच्या कारखान्यात होता. मी रोज त्याचे कपडे दारात झटकायची. त्यो दम लागून गेला. डाक्टर म्हनला, ही धूळ छातीत बसली की निघत न्हाई. आता मलाबी दम लागायलाय.”

किशनराव हसले. “आवो, गावातल्या बाया ह्याच्या भुकटीनं भांडी घासत्यात!”

“तेच की! काल फुटलेले टोपलंभर तुकडे तुमीच घरी धाडलाव. गीताअक्का कुटायल्या असतील.”

हसू तिथंच गोठलं. सरकारी कामाला कधी न लाभलेला वेग त्या दिवशी किशनरावांच्या सायकलीला लाभला! घरी बायकोनं, गीताबाईंनी, मुसळ उचललंच होतं. किशनरावांनी अख्खी घागर उखळात ओतली.

“याड लागलंय का तुमाला?”

“आता जायलंय ते,” किशनराव म्हणाले.

परत येऊन त्यांनी विमलबाईला नमस्कार केला. “बाई, कसं काढायचं ते तुमीच सांगा.”

मग सराईत निराळंच काम सुरू झालं. सगळ्यांच्या तोंडावर ओली फडकी. चुन्याची भिंत भिजू नये इतपतच पत्र्यांवर पाण्याचा शिडकावा. गंजलेले बोल्ट तेल पाजून सैल करायचे, अख्खा पत्रा दोरानं अलगद उतरवायचा, प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा आणि विहिरीपासून लांब खोल खड्ड्यात पुरायचा. झाडू बंद, ओलं पोतं फिरवायचं. कपडे झटकायचे नाहीत, तिथंच भिजवायचे. जुन्या दगडाचा एक टवकाही उडाला नाही.

शुक्रवारी साहेब आले तेव्हा निम्मे पत्रे वरच होते. “उशीर का?” साहेब कडाडले.

“विमलबाईंचं ऐकलं, सायेब. काम धरायच्या आधीच त्यांना इचारलं असतं तर उशीरबी झाला नसता.”

साहेबांनी बाईंच्या तोंडावरचं ओलं फडकं बघितलं. मग त्यांनी खिशातला रुमाल भिजवून तोंडाला बांधला.

नागरिकहो, पूर्वजांची वास्तू जपायची ती नातवंडांनी बघावी म्हणून. ती जपताना माणसाचा श्वास गेला, तर बघायला उरणार कोण? जुनं काढायचंच, पण ज्याच्या छातीवर बेततं त्याला आधी विचारून!