गिझेला वाराडीचे पाय

सत्तावीस वर्षं मी गिझेला वाराडीला कपडे चढवले. प्रत्येक प्रवेशाआधी तिच्या डाव्या खांद्यावरून तीनदा थू-थू-थू केलं. आमच्या व्हिएन्नात कलावंताला असंच पाठवतात, आणि थुंकणाऱ्याचे आभार मानायचे नसतात. मानले तर घात होतो. म्हणून सत्तावीस वर्षांत ती मला कधी 'आभारी आहे' म्हणाली नाही. मला वाटायचं, रिवाज पाळतेय. माझ्यासारखी मूर्ख मीच.

एकोणीसशे बत्तीस साली ती बुडापेस्टहून आली. गळा असा की दिवे धरणारेसुद्धा डोळे पुसायचे. पण संगीतपटातल्या नायिकेला जिना उतरावा लागतो. गात, हसत, पायांकडे न बघता. तीस पायऱ्या. गिझेला सातव्या पायरीला हमखास खाली बघायची. तीन दिवस दिग्दर्शक किंचाळला. चौथ्या दिवशी त्याने समूहनृत्यातल्या तिसऱ्या रांगेतून मला उचललं, तिचा झगा आणि बूट माझ्या अंगावर चढवले आणि कमरेखालचं सगळं माझ्यावर चित्रित केलं. वीस वर्षांची होते मी. तोंड उघडणार नाही असं लिहून घेतलं माझ्याकडून, बदल्यात तिची कपडेवाली म्हणून कायमची नोकरी.

चित्रपट धो धो चालला. पुढच्या अकरा चित्रपटांतही पाय माझेच. त्या पायांची पोस्टकार्डं निघाली, सैनिक ती खिशात घालून लढाईवर गेले. "पाय ही माझ्या आईची देणगी," असं ती वार्ताहरांना सांगायची. देणगी माझ्या आईची होती, आणि माझी आई लोकांच्या चादरी धुवायची.

यंदा मार्चमध्ये निर्माता लोबमायर घरी आला. तोच चित्रपट तो रंगीत काढतोय, उर्सी नावाच्या नव्या पोरीला घेऊन. गिझेलाच्या हाताचं चुंबन घेऊन म्हणाला, "बाईसाहेब, पोरगी गाते झकास, पण जिन्यावर पायांकडे बघते. आपले पाय तर जगप्रसिद्ध. फक्त कमरेखालचं हवंय. नाव कुठे येणार नाही."

गिझेला ताडकन उठली. "माझे पाय दुसरीच्या थोबाडाखाली? आणि नाव नाही? चोरी आहे ही, लोबमायर! त्या पायांपायी एका बाईचा जन्म गेलाय!"

मी तिथेच कॉफीचा ट्रे धरून उभी. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिची नाटकं मी ओळखते. हे नाटक नव्हतं. तिला खरंच ते पाय स्वतःचे वाटत होते. कप फेकून मारावासा वाटला.

शेवटी ठरलं, पडद्यावर अक्षरं झळकतील: 'पाय – गिझेला वाराडी'. लोबमायर गेला तशी ती मला म्हणाली, "हर्मी, उद्यापासून जिन्याचा सराव कर. जरा सुटलीयेस तू."

"पाय कुणाचे, बाईसाहेब?"

"अगं, पाय काय, कोंबडीलाही असतात! वर माझा चेहरा नसता तर तुझ्या तंगड्या कुणी बघितल्या असत्या?"

"मग या वेळी नाव माझं घाला."

"सत्तेचाळिसाव्या वर्षी नाव? कशाला, थडग्यावर कोरायला?"

चित्रीकरणाच्या सकाळी तिने वार्ताहरांना फोटो काढायला बोलावलं. बेत असा की ते गेले की दारं बंद, आत फक्त गुपित ठाऊक असलेला जुना कॅमेरामन, आणि मग माझी पाळी. जिन्याच्या वरच्या टोकाला ती झगा घालून उभी, खाली वार्ताहर. मागे पडद्याआड मी, तसाच झगा, तसेच बूट. सवयीने तिने डावा खांदा माझ्याकडे वळवला आणि थांबली.

मी थुंकले नाही. पडदा सारून बाहेर आले.

"हर्मी, आत हो! वेड लागलं का?" हसरं तोंड तसंच ठेवून ती दातांतून पुटपुटली.

मी उतरले. तीसही पायऱ्या, मान ताठ, खाली उभ्या असलेल्या उर्सीच्या डोळ्यांत बघत. गाणं नव्हतं, बुटांचा आवाज तेवढा. खाली पोचले तसा एक पिकल्या केसांचा वार्ताहर हॅट काढून पुढे आला.

"बाई, हे पाय मी रशियापर्यंत खिशातून नेले होते. कुठेही ओळखीन."

"मग बाईसाहेबांचे कुठले?" उर्सीने विचारलं.

सगळ्यांनी वर पाहिलं. कॅमेरे रोखलेले होते आणि मागे फिरणं तिच्या रक्तात नाही. गिझेला हसली, हनुवटी उचलली, निघाली. एक, दोन, तीन. मी दातओठ खात मोजत होते.

सातव्या पायरीवर तिने खाली बघितलं.