आलूबोंड्यांचा ट्रे आणि टिकली

मित्रांनो, मी एक जुना ट्रे आहे. अल्युमिनियमचा, दोन हात लांब, चार बोटं उंच काठांचा आणि एका कोपऱ्यात पोचा आलेला. मला घडवलं ते गरमागरम आलूबोंडे मांडण्यासाठी. आज माझ्यात एक ससुली बसते आणि शी करते. तुम्हाला हसू येईल, येऊ द्या. मी मात्र त्या दिवसापासून जो हादरलो आहे, तो अजून पुरता सावरलेलो नाही.

आर्वीच्या एसटी स्टँडजवळ बापूरावांचं छोटंसं हॉटेल होतं. सकाळच्या पहिल्या घाण्याचा मान माझा असे. बापूराव झाऱ्याने बोंडे काढून माझ्यात ओतत. ड्रायव्हर-कंडक्टर, बाजाराला आलेली माणसं, कॉलेजची पोरं, सगळ्यांचे डोळे माझ्यावर खिळलेले असत. नऊ वाजेपर्यंत मी रिकामा होई. मग बापूराव मला उचलून शेजारच्या पानठेलेवाल्याला दाखवत आणि म्हणत, "पाय, ट्रे साफ. जमला आजचा दिवस." रिकामं होणं हीच माझी शाबासकी होती. एखाद्या दिवशी माझ्यात चार बोंडे उरले, तर आम्हा दोघांचंही तोंड उतरून जाई.

पुढे बापूरावांचे गुडघे गेले. भट्टीसमोर उभं राहवेना. हॉटेल बंद झालं, बाकं विकली गेली, मोठी कढई कोणी लग्नात स्वयंपाक करणाऱ्याने नेली आणि मला घरी आणून टांडीवर, म्हणजे छताखालच्या फळीवर, टाकलं. माझ्यात लसूण वाळत घातला. सहा वर्षं मी त्या वासात काढली. एवढ्या वर्षांत माझ्यावरून कोणी साधं फडकं फिरवलं नाही. यापेक्षा वाईट दिवस आता यायचे नाहीत, असं मला वाटे. किती भोळा होतो मी.

गेल्या दिवाळीनंतर बापूरावांचा मुलगा निकेश देवळीहून आला. तो तिथे नोकरीला आहे, शनिवारी येतो आणि सोमवारी जातो. या वेळी त्याच्या हातात भोकं पाडलेलं खोकं होतं. खोक्यात पांढरीशुभ्र ससुली, कपाळावर एकच काळा ठिपका. निकेशची मुलगी आचल पाचवीत शिकते. तिने उभ्या उभ्या नाव ठेवलं, टिकली. तिची आई मयुरी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. तेवढ्यात टिकलीने खोक्याबाहेर उडी घेतली आणि नुकत्याच पुसलेल्या फरशीवर दहा-बारा लेंड्या टाकून मोकळी झाली.

"पंधरा दिवस पाह्यते मी," मयुरी म्हणाली. "घरभर असंच करून राह्यली, तर जिथून आणली तिथं नेऊन द्याची. मंग रडायचं नाई."

आचलने मान डोलावली. तिने आईचा फोन घेतला आणि सशांना एका जागी शी करायची सवय कशी लावतात, याचे व्हिडिओ पाहत बसली. नंतर ती स्टुलावर चढली, टांडीवरून मला खाली ओढलं आणि लसूण सुपात ओतला. माझा जीव आनंदून गेला. मला वाटलं, पुन्हा भट्टी पेटणार.

"आबाजी," तिने विचारलं, "हा ट्रे घेऊ का टिकलीच्या लेंड्यासाठी?"

मी बापूरावांकडे पाहिलं. हे आता पोरीला दटावतील, माझी सगळी सेवा तिला सांगतील, अशी माझी खात्री होती.

"घे ना माय," बापूराव म्हणाले. "तसाही पडूनच हाये."

मित्रांनो, माझ्या कोपऱ्यातला पोचा पडला तेव्हाही मला एवढं लागलं नव्हतं.

टिकलीने गॅसच्या सिलिंडरमागचा कोपरा धरला होता. आचलने मला तिथेच नेऊन ठेवलं. खाली कागदाच्या पट्ट्या, त्यावर थोडं कुटार, म्हणजे सोयाबीनच्या मळणीतून उरलेला भुसा, आणि एका टोकाला हिरव्या गवताची जुडी. ससा खाता खाताच शी करतो म्हणे. म्हणजे जेवणाचं ताट आणि संडास एकाच जागी, तेही माझ्यात. हे ऐकून मी गारच झालो. टिकली बाहेर कुठे लेंड्या टाके, तर आचल त्या कागदाने उचलून माझ्यात आणून टाके, म्हणजे वासावरून तिला जागा कळावी. लघवी फरशीवर झाली की कापडाने टिपून तो कापडाचा तुकडाही माझ्यात ठेवी. ती टिकलीवर एकदाही ओरडली नाही. मी मात्र आतल्या आत रोज ओरडत होतो.

टिकलीला जवळ घ्यायचा आचलला मोठा सोस होता, पण टिकली हात दिसला की सिलिंडरमागे दडे. मग आचलने युक्ती बदलली. ती फरशीवर पालथी पडून गृहपाठ करू लागली. पकडायचं नाही, बोलवायचं नाही, नुसतं तिथे असायचं. चौथ्या दिवशी टिकलीने तिच्या भूगोलाच्या वहीचा कोपरा कुरतडला. बाईंनी शाळेत विचारलं असेल, पण आचल घरी येऊन हसतच होती. आठव्या दिवशी टिकलीने आपली हनुवटी तिच्या मनगटावर घासली आणि तिथेच अंग टाकून दिलं. आचल अर्धा तास हलली नाही. हाताला मुंग्या आल्या, तरी हलली नाही. हे पाहून मीसुद्धा थोडा विरघळलो, खोटं कशाला बोलू.

दहाव्या दिवसापर्यंत जवळजवळ सगळ्या लेंड्या माझ्यात पडू लागल्या. फरशीवर दोन-चार चुकार राहत. मयुरी त्या बघे आणि कॅलेंडरकडे नजर टाके.

इतके दिवस बापूराव लांबूनच बघत होते. जन्मभर खाण्याचा धंदा केलेला माणूस, चुलीजवळ जनावर त्यांना पटत नव्हतं. पण त्याच आठवड्यात थंडी पडली आणि एका दुपारी, घरात कोणी नसताना, ते गुडघ्यांवर हात टेकत माझ्याजवळ येऊन बसले. टिकली माझ्यात बसून गवत खात होती. तिच्याखालच्या ओल्या कागदाला त्यांनी हात लावला.

"लय थंड हाये गा हे," ते तिला म्हणाले.

त्यांची बहीण मनकर्णाबाई तळेगावजवळच्या खेड्यात राहते. तिच्या ओसरीवर या दिवसांत कापसाचा ढीग असतो. बापूरावांनी आपल्या उशीसाठी तिच्याकडून पिशवीभर कापूस आणला होता. ती पिशवी त्यांनी आणली आणि बसून एकेक सरकी बोटांनी काढली, टिकलीला टोचू नये म्हणून. दोन तास ते काम चाललं होतं. मग कागद आणि कुटार काढून त्यांनी मला नीट पुसलं आणि माझ्यात कापसाची गादी अंथरली. सहा वर्षांनी त्यांचा हात माझ्यावरून फिरला. त्या मऊ, पांढऱ्या, कोरड्या कापसाने मी असा सुखावलो की विचारू नका. आचलने संध्याकाळी ते पाहिलं आणि आबाजींच्या गळ्यात पडली. त्या घरात कापसाहून चांगलं काही कोणाला माहीतच नव्हतं.

टिकली कापसावर बसली. गवत खाताना तिच्या तोंडात कापसाचे तंतूही जात होते. ते मी पाहत होतो, पण मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दोन दिवसांनी तिच्या लेंड्या लहान झाल्या. मग त्या एकीला एक जोडून पडू लागल्या, धाग्यात ओवलेल्या मण्यांसारख्या. मी मूर्ख, मला तीही एक गंमत वाटली.

चौदाव्या दिवशी माझ्यात काहीच पडलं नाही.

सकाळ गेली, दुपार झाली. कापूस पांढराच्या पांढरा. टिकली माझ्यात पाठ कमानीसारखी वर काढून, डोळे अर्धे मिटून बसली होती. बापूराव येऊन पाहून गेले आणि म्हणाले, "गादी आवडली तिले." मयुरीने घर झाडलं, सिलिंडर सरकवून पाहिलं, पलंगाखाली वाकून पाहिलं. मग ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि सासऱ्यांकडे बघून कधी नव्हे ती हसली.

"मामाजी, पाह्यलं का? आज घरात एक लेंडी नाई. शिकली वाटते ते. राहू द्या आता तिले."

आणि मी? मी फुगलो होतो. कित्येक वर्षांनी ट्रे साफ होता. माझ्या अल्युमिनियमच्या डोक्यात तेवढंच बसलेलं होतं, की रिकामा ट्रे म्हणजे दिवस जमला. टिकलीचा श्वास माझ्या पत्र्याला जाणवत होता, भराभरा आणि उथळ. एकदा तिने दात करकरवले. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की कालपासून ती माझ्यातून उतरलेलीच नाही. मला दरदरून घाम फुटायचा तेवढा राहिला. पण ट्रेला तोंड नसतं. मी हलू शकत नव्हतो, वाजू शकत नव्हतो. घरात सगळे खूश होते आणि ती माझ्याच कुशीत मरत होती.

पाच वाजता आचल शाळेतून आली. दप्तर टाकलं आणि रोजच्यासारखी मला रिकामं करायला बसली. टिकलीला तिने अलगद बाजूला ठेवलं, तर ती ठेवली तिथेच राहिली. आचलने कापूस चाचपला. गवताची जुडी उचलून पाहिली.

"मम्मी, टिकलीनं काईच केलं नाई."

"मंग चांगलंच हाये ना."

"चांगलं नाई. कालचं गवतही तसंच हाये. ससा दिवसभर खाते अन् दिवसभर करते. मी पाह्यलं हाये फोनवर." ती मागच्या अंगणात धावली. कालच्या लेंड्या तिने कढीपत्त्याच्या बुडाशी टाकल्या होत्या. त्यातली एक माळ ती कागदावर घेऊन आली. "अन् हे पाय, हे अशे जुळेल काऊन हायेत?"

मयुरीने मान फिरवली. बापूराव पुढे झाले. त्यांनी चष्मा लावला, ती वाळकी माळ चिमटीत धरली आणि हळूच ओढली. दोन मण्यांमधून पांढरा, बारीक तंतू ताणला गेला. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या त्या माणसाला दुसऱ्या कोणी काही सांगायची गरज नव्हती.

"कापूस हाये हा," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्यातली गादी दाखवली.

पुढचं सगळं मयुरीने केलं. जिला पंधरा दिवसांनी ससा घराबाहेर हवा होता, तिने हाताला लागलेलं पीठ तसंच पुसलं, आचलला आणि टिकलीच्या खोक्याला स्कुटीवर घेतलं आणि जनावरांच्या डॉक्टरकडे निघाली. घरात मी आणि बापूराव उरलो. ते माझ्यातला कापूस चिमटी चिमटीने काढत होते. काठाच्या घडीत अडकलेला शेवटचा तंतूसुद्धा त्यांनी काडीने काढला. गुन्हेगार आम्ही दोघेही होतो.

अंधार पडता पडता त्या परतल्या.

"कापूस पोटात अडकला म्हणे," मयुरी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "सुई देली, औषध देलं. पाणी पाजत राहा म्हणे, पोट हलक्या हातानं चोळा. उद्या संध्याकाळपर्यंत लेंडी आली तर समजा वाचली."

"अन् नाई आली तर?" बापूरावांनी विचारलं. मयुरी पाणी कोमट करायला आत गेली.

दुसरा दिवस शनिवार होता; आचलने शाळा बुडवली आणि निकेश रात्री यायचा होता. माझ्यात पुन्हा कागदाच्या पट्ट्या आल्या, कुटार आलं, ताजं गवत आलं. आचल टिकलीला मांडीवर घेऊन सुई नसलेल्या सिरिंजने पाणी पाजत होती. कधी काळी हात दिसताच दडणारी ती ससुली आता त्या हातांत निमूट पडून होती. तो विश्वास आठ दिवस फरशीवर पालथं पडून आचलने कमावला होता. तो नसता तर टिकलीने एक थेंबही पोटात जाऊ दिला नसता. बापूराव समोर बसून होते. टिकलीला हात लावायची त्यांची छाती होईना. आचलने त्यांचा हात धरला आणि टिकलीच्या पोटाखाली ठेवला.

"तुमी चोळा आबाजी. माया हात दुखते." तिचा हात दुखत नव्हता, हे मला ठाऊक होतं.

दुपारी तीनच्या सुमाराला टिकलीने मांडीवरून उतरायची धडपड केली. दोन पावलं आली, थांबली, मग माझ्या काठावरून कशीबशी आत चढली. गवताची एक काडी तोंडात धरली. आणि माझ्या पत्र्यावर, जिथे कागद सरकला होता तिथे, टक् असा आवाज झाला.

मित्रांनो, माझ्या अंगावर हजारो आलूबोंडे पडले असतील. त्यातल्या एकाचाही आवाज मला आज आठवत नाही. हा आठवतो.

"मयुरी," बापूरावांनी हाक मारली, "लवकर ये वं." मयुरी धावत आली, माझ्यावर ओणवी झाली आणि ती एवढीशी, वेडीवाकडी, कापूस चिकटलेली लेंडी पाहून रडायला लागली. थोड्या वेळाने दुसरी पडली, मग तिसरी. तीन माणसासारखी माणसं सशाच्या लेंड्यांकडे पाहून डोळे पुसत होती आणि मला त्याची तिळमात्र लाज वाटली नाही. सगळ्यात मोठा धक्का मला याचाच बसला.

टिकली आता बरी आहे. मी रोज सकाळी भरतो, आचल मला रिकामा करते, आणि त्याआधी सगळं घर एकेकदा माझ्यात डोकावून जातं. मला घासून चकचकीत करा, पुन्हा मानाच्या जागी ठेवा, असं माझं काही मागणं उरलेलं नाही. पण तुम्ही एखादा मुका जीव घरी आणाल, तेव्हा एवढं करा. त्याला बोलता येत नाही. कुठे दुखतं ते तो माझ्यासारख्याच एखाद्या कोपऱ्यातल्या भांड्यात लिहून ठेवतो. त्याची घाण उचलताना हवं तर नाक दाबा, पण डोळे मिटू नका.