सेर्वाची बसायची जागा

मित्रांनो, मी एक जुने लाकडी स्टूल आहे. माझा एक कोपरा वाळवीने खाल्ला आहे, त्यामुळे बसणाऱ्याला जरा जपूनच बसावे लागते. पण एके काळी माझाही थाट होता.

घाना देशातल्या कुमासी शहराजवळच्या एका कारागिराने मला एकाच पांढऱ्या ओंडक्यातून कोरून काढले. कुठे खिळा नाही की जोड नाही. आमच्याकडे नवरा बायकोला स्टूल देतो. तसे मी नव्या नवरीबरोबर, सेर्वाबरोबर, तिच्या घरी आले. ती मला वाळू आणि लिंबाने घासून पांढरेशुभ्र ठेवायची. दुसरे कुणी माझ्यावर बसले की तिला अजिबात खपत नसे.

माझ्यावर बसून तिने मुलांना न्हाऊ घातले. रोज ती मला उखळापाशी ठेवायची. कसाव्याचे उकडलेले कंद आणि कच्ची केळी कांडून फुफूचा मऊ गोळा करायचा म्हणजे दोघांचे काम. एकाने उभे राहून उंच मुसळ मारायचे आणि दुसऱ्याने दोन घावांच्या मध्ये ओला हात घालून गोळा उलटायचा. सेर्वाचा हात असा चाले, की शेजारणी म्हणायच्या, "हिच्या बोटांना डोळे आहेत गं!"

उठताना ती मला न चुकता आडवे करायची. आमच्याकडे सगळेच करतात. मालकीण उठली आणि स्टूल तसेच उभे राहिले, तर एखादा भटका आत्मा येऊन त्यावर बसतो म्हणे.

मग मी उभे राहू लागले. आधी कधीतरी, नंतर रोजच. सेर्वा कालवणात दोनदा मीठ घालू लागली, मेलेल्या नवऱ्याला जेवायला हाका मारू लागली, बाजारातून येताना भलत्याच अंगणात शिरू लागली. लेक फ्रेमा तिला हाताला धरून घरी आणायची.

शहरात राहणारा थोरला मुलगा ओपोकू एकदा आला. मला रिकामे उभे पाहून त्याचा चेहराच उतरला.

"हे असं कधीपासून उभं राहतंय?"

"दादा, आई विसरते रे," फ्रेमा म्हणाली. "दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, हा आजार आहे."

"आजार कसला! यावर कोण बसून गेलंय ते कळतंय मला. रविवारी तिला प्रार्थनेच्या शिबिरात नेतो."

"तिथे माणसांना साखळीनं बांधतात!"

"बरी होईपर्यंतच बांधतात."

त्याने मला उचलून कोंबड्यांच्या खुराड्यामागे फेकले आणि सेर्वाला प्लास्टिकची खुर्ची दिली. खुर्ची उंच. तिथून उखळात हात पोचेना. काम सुटले तशी ती जेवेनाशी झाली. दिवसभर अंगणात फिरायची आणि विचारायची, "माझी जागा कुठंय?" मला सगळे ऐकू यायचे. फार वाईट वाटायचे, पण लाकडाला कुठला आवाज?

रविवारी ओपोकू गाडी घेऊन आला. तोवर फ्रेमाने मला झटकून पुन्हा उखळापाशी ठेवले होते.

"आईच्या हातचं खा, मग ने तिला. घे मुसळ, तूच कांड."

"वेड लागलंय का तुला? तिची बोटं चेचतील!"

"तिथे साखळीनं मनगटं सोलतील, ते चालतंय वाटतं?"

सेर्वा माझ्यावर बसली. तिने हात पाण्यात बुडवला. ओपोकूने घाबरत घाबरत मुसळ टाकले. तिचा हात आत गेला, गोळा उलटून बाहेर आला. पुन्हा घाव, पुन्हा हात. ताल चुकला तो त्याचा, तिचा नाही.

"जोरात मारा की, पाहुणे!" ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "जेवला नाहीत वाटतं? माझा ओपोकू एवढासा होता, तेव्हा तुमच्यापेक्षा बरा कांडायचा."

"कुठे असतो तो?" ओपोकूने मुसळ थांबवून विचारले.

"शहरात. मोठा माणूस आहे, त्याला वेळ नसतो हो." मग ती जरा पुढे वाकली. "तुम्हाला भेटला तर सांगाल? आईला इथून कुठं नेऊ नको म्हणावं. मला परतीचा रस्ता सापडत नाही."

ओपोकू मुसळाला धरून रडला. गाडी रिकामीच परत गेली.

सेर्वा बरी झाली नाही. हा आजार बरा होत नाही, मित्रांनो. ओपोकू आता दर रविवारी येतो आणि दर रविवारी तो पाहुणाच असतो. अलीकडे तिचे हातही विसरू लागले आहेत. आत गेलेला हात कधी कधी आतच राहतो. मग ओपोकू मुसळ वरच धरून ठेवतो. त्याचे दंड थरथरतात, फुफू गार होतो, त्यात गुठळ्या राहतात. सगळे तोच खातात आणि छान झालाय म्हणतात.

तुमच्याही घरी असे कुणी असेल, तर त्यांच्या हातातले काम काढून घेऊ नका, त्यांची बसायची जागा हलवू नका. आणि त्यांचा हात बाहेर येईपर्यंत थांबा. त्याला वेळ लागतो.