छत्तीसपैकी एकतीस

"एवढे पैसे घेऊन तुम्ही नक्की करणार काय?" असं मिस्त्रीनं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा क्रेडिट स्कोअर सुधारून देणारा एजंट खुर्चीत मागं रेलला आणि ते आमचं तंत्र असतं म्हणाला. मिस्त्री उठलाच. सव्वीस वर्षं तो लिफ्ट दुरुस्त करत होता. बिघाड न दाखवता बिल मागणाऱ्यांशी त्याचं कधीच पटलं नव्हतं.

घरी मात्र जीव टांगणीला लागला होता. लेकीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, फीसाठी कर्ज हवं होतं, कर्जाला बापाची सही हवी होती, आणि बापाचा स्कोअर पार तळाला गेलेला. दोन महिन्यांत तो वर आला नाही तर जागा हातची जाणार होती. मिस्त्रीनं जन्मात एकच कर्ज काढलं होतं आणि तेही मुदतीआधी फेडलं होतं, तरी ही तऱ्हा.

रविवारी सकाळी लेकीनं त्याचा क्रेडिट रिपोर्ट छापून आणला. अकरा पानं. जेवणाच्या टेबलावर ती पसरून मिस्त्रीनं पेन्सिल घेतली आणि लिफ्ट तपासावी तसं काम सुरू केलं, सगळ्यात वरून खाली, एकही ओळ न सोडता. बरोबर असेल तिथं खूण. सातव्या पानावर पेन्सिल थांबली. तिथं त्यानं कधीच न घेतलेलं एक कर्ज होतं. छत्तीस हप्ते, त्यातले शेवटचे पाच थकलेले.

"कुणीतरी तुमच्या नावावर उचललंय, बाबा. तक्रार करू या," लेक म्हणाली.

मिस्त्रीनं पेन्सिल खालच्या ओळीवर नेली. कर्जाखालचा पत्ता त्याच्या धाकट्या भावाच्या खोलीचा होता, आणि धाकट्याला जाऊन चार वर्षं झाली होती.

घोटाळा कसा झाला ते त्याला लगेच उमगलं. वडिलांनी दोघांना एकाच दिवशी शाळेत घातलं होतं. जन्मतारखा आठवेनात, म्हणून एकच तारीख दोघांना ठोकून दिली. नावांची आद्याक्षरंही एकच. बँकेच्या संगणकानं दोन भावांचा एक माणूस करून टाकला होता.

मग त्यानं कर्ज घेतल्याची तारीख पाहिली. बायकोच्या ऑपरेशनच्या आधीचा तो आठवडा होता. धाकट्यानं तेव्हा नोटांचं पाकीट आणून दिलं होतं, मित्राकडं अडकलेले सुटले म्हणाला होता. धाकट्याच्या शब्दावर घरात कुणी चहाही ठेवत नसे. नोकऱ्या सोडायचा, वेळा चुकवायचा, स्वतःच्या लग्नालाही उशिरा पोचला होता. ते पैसे जुगाराचे असणार असं मिस्त्री मनात धरून बसला होता, आणि घेताना नीट बोललाही नव्हता.

आणि इथं भरलेल्या हप्त्यांचे एकतीस चौकोन होते. प्रत्येकात तारीख, दर महिन्याची पाच. एकही सहा नाही. मिस्त्री बोट ठेवून मोजत गेला. मधल्या एका महिन्यात धाकट्यानं स्कूटर विकली होती, आणि विचारलं तर तब्येतीसाठी चालतो म्हणून सगळ्यांना हसवलं होतं. एकतिसाव्या चौकोनानंतर बारा दिवसांनी तो गेला. मिस्त्रीनं मोठमोठ्या इमारतींची यंत्रं पाहिली होती, पण इतकं बिनचूक चाललेलं काही पाहिल्याचं त्याला आठवेना. त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि लेक घाबरून आईला बोलवायला गेली.

अर्ज त्यानं स्वतःच्या हातानं लिहिला. हे खातं माझं नाही, माझ्या भावाचं आहे. सोबत दोघांची ओळखपत्रं आणि मृत्यूचा दाखला जोडला. अर्जातलं ते पहिलं वाक्य लिहायला त्याला अख्खी दुपार लागली. पाच आठवड्यांनी नोंद निघाली, स्कोअर वर आला, लेकीचं कर्ज मंजूर झालं.

त्या कागदावर सही करून झाल्यावर त्यानं बँकेतल्या बाईंना भावानं याच बँकेतून घेतलेल्या कर्जाच्या राहिलेल्या पाच हप्त्यांचं विचारलं.

"ते आम्ही कधीच सोडून दिलंय. तुमच्यावर काहीच येत नाही, काका," बाई म्हणाल्या.

"भरले तर फिटलं असं लिहाल ना त्याच्या नावापुढं?"

"लिहू. पण आता ते बघणार कोण?"

मिस्त्रीनं हप्ता कितीचा होता ते विचारलं. बाईंनी स्क्रीनकडं पाहिलं, मग त्याच्याकडं, आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "मग एकदमच भरून टाका."

"नको. तो भरायचा तसेच भरतो."

पाच तारखेला तो कामाचे कपडे घालूनच बँकेत गेला. खिडकी उघडायला अजून दहा मिनिटं होती. पैसे भरणाऱ्याच्या रकान्यात त्यानं धाकट्याचं पूर्ण नाव सावकाश लिहिलं, आणि चिठ्ठी दोन्ही हातांत धरून रांगेत पहिला उभा राहिला.