पोटात राहिलेले पाणी

मी एक जुनी पितळी पुंगळी आहे. पोटात बंदुकीची दारू, बुडाला ठिणगी देणारी टोपी आणि तोंडात गोळी बसवली की माझे काडतूस होते. बार झाला की गोळी पुढे जाते आणि मी मागे उरते, काळवंडलेली, रिकामी. मित्रांनो, बहुतेक लोक आम्हाला तिथेच शेवाळात सोडून देतात. म्हातारा शिकारी तौनो मात्र दुखरे गुडघे धरून वाकायचा आणि मला खिशात घालायचा. अशी त्याने मला सात वेळा पुन्हा भरली.

चाळीस वर्षे लाकडाचा ट्रक चालवून तौनोचे कान गेले होते, पण हात शाबूत होते. शेडमध्ये बसून तो आमची जळलेली टोपी काढायचा. मग लोणच्याच्या बरणीत कोमट पाणी, भांडी घासायचा साबण आणि चिमूटभर लिंबूसत्त्व घालून आम्हाला खळखळून धुवायचा. माझी मान अरुंद, पोट मोठे. आत गेलेले पाणी सहज बाहेर येत नाही. म्हणून तो आम्हाला उलटे करून दोन दिवस वाळवायचा, एकेकीला तळहातावर आपटून बघायचा, आणि मगच भरायचा. शिकारीच्या टोळीतले लोक म्हणायचे, "तौनोच्या पुंगळीत बघून दाढी करावी!" मला फार बरे वाटायचे. खोटे कशाला बोलू?

त्या ऑक्टोबरात त्याचा गुडघा सुजला आणि सगळे लांबले. शनिवारी दुपारी आम्ही पाचजणी अजून ओल्या होतो आणि रविवारी सकाळी मूसची, म्हणजे सांबरासारख्या थोराड हरणाची, शिकार होती. भाकरीची भट्टी ऊबदार होती, पण त्याची बायको ऐला लाटणे घेऊनच उभी राहिली.

"माझ्या भट्टीत तुझी शिशाची घाण? आधी मला बाहेर काढ, मग त्या घाल!"

"मग सौनात ठेवतो," अंगणातल्या वाफेच्या न्हाणीघराकडे बोट दाखवत तौनो म्हणाला.

"ठेवून तर बघ! माझा जन्म झालाय त्या सौनात. आईला शेवटची आंघोळ तिथंच घातली मी."

तौनो आम्हाला घेऊन शेडमध्ये परतला. पण संध्याकाळी दोघांची आंघोळ झाल्यावर "शेगडी बघून येतो" म्हणत तो परत गेला. शेडमध्ये गारठलेल्या आम्हाला त्याने एका डब्यात तोंडे वर करून उभे केले आणि सौनाच्या वरच्या फळीवर, अंग झोडायच्या बर्चच्या डहाळ्यांच्या जुडीमागे लपवले.

थोड्या वेळाने ऐला आली. शेवटचे ओगराळेभर पाणी सौनाची राखण करणाऱ्या अदृश्य आजोबांचे, असे तिच्या आईने तिला शिकवले होते. तौनो त्यावरून तिची टर उडवायचा, म्हणून हल्ली ती हे चोरून करायची. अंधारात तिला आम्ही दिसलो नाही. तिने शेगडीवरच्या तापल्या दगडांवर पाणी टाकले, हवेची झडप बंद केली आणि दार लावून निघून गेली. सगळी वाफ आमच्या थंड अंगावर बसली आणि आत गळली. मी घाबरले. आदल्याच वर्षी दारू ओली राहून शेजारच्या आर्मासच्या बंदुकीच्या नळीत गोळी अडकली होती. त्याने वर दुसरी झाडली आणि त्याची तीन बोटे गेली.

पहाटे तौनोने आम्हाला फडक्याने बाहेरून पुसले. आम्ही लखलखलो. तळहातावर आपटायचे मात्र तो घाईत विसरला आणि तशीच दारू भरून त्याने गोळ्या बसवल्या.

सकाळी दोघे दलदलीच्या कडेला बसले होते. ऐला त्याचे कान म्हणून नेहमी सोबत असायची. लांबून टोळीचा कुत्रा भुंकत आला आणि झाडीतून घोड्याएवढा मूस बाहेर पडला. तौनोने चाप ओढला. माझ्या पोटातली ओली दारू नुसतीच फुसफुसली. गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन रुतली. कानांवर जाड झाकणे घातलेल्या तौनोला वाटले, नेम चुकला. त्याने झटक्यात बंदुकीच्या बोल्टचा दांडा मागे ओढला, मी शेवाळात पडले, आणि दुसरे काडतूस आत सरकले. मला वाचा असती, तर मी तेव्हा किंचाळले असते.

ऐलाने बोल्टवर पंजा दाबला. "थांब! चाप ओढू नकोस!"

"हात काढ! जातोय तो!"

"जाऊ दे. बार झालाच नाही, तौनो. लापशीच्या भांड्याचं झाकण याहून मोठं वाजतं. नळी बघ आधी."

मूस निघून गेला. तौनोने काडतूस बाहेर काढले, बोल्ट काढला आणि नळी आभाळाकडे धरली. आभाळ दिसले नाही. त्याने बंदूक हळूच खाली ठेवली.

ऐलाने मला उचलून उलटे केले. ओल्या दारूचा काळा चिखल तिच्या हातावर ओघळला.

"ही ओली कशी?"

तो खाली बघत म्हणाला, "काल सौनात ठेवल्या होत्या. तुला सांगितलं असतं, तर ठेवू दिल्या नसत्यास."

ऐलाचा चेहरा पांढरा पडला. "मी शेवटचं ओगराळं टाकलं रे. तुला सांगितलं असतं, तर हसला असतास."

तौनो हसला नाही. त्याने तिचा चिखलाचा हात दोन्ही हातांत धरला. त्याची दहाही बोटे जागच्या जागी होती.

मित्रांनो, भांडे असो की पुंगळी, बाहेरून चकाकले म्हणून आतून कोरडे झाले असे समजू नका. आणि घरातल्या माणसांपासून लहानशी गोष्टही चोरून करू नका. रागावतील, हसतील, पण सांगा. त्या दुसऱ्या काडतुसाचा आत सरकतानाचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मला पुन्हा भरले नाही. मी सौनाच्या खिडकीत असते. आता दर शनिवारी शेवटचे ओगराळे तौनोच टाकतो. "घ्या आजोबा, तुमचा वाटा," असे राखणदाराला मोठ्याने म्हणतो. माझ्या अंगावर थेंब जमतात. पहिल्या शनिवारी त्याने सवयीने फडके उचलले होते.

"राहू दे," ऐला म्हणाली. "तिला आता वाळायचं नाहीये."