सातवे डोके

शैक्षणिक वर्षाच्या तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी, माध्यमिक शाळेच्या कार्यालयातील दुसऱ्या खिडकीपाशी, नववीत त्याच दिवशी दाखल झालेल्या एका मुलीने एका छापील तक्त्यावर तीन चौकोनांत खुणा केल्या आणि खाली सही केली. पुढे जे घडले त्याचे मूळ या तीन खुणांत असल्यामुळे वेळ आणि स्थळ आरंभीच नोंदवून ठेवलेले बरे.

तक्ता शाळेतील मंडळांचा होता. प्रत्येक विद्यार्थ्याने कोणत्या ना कोणत्या मंडळात असलेच पाहिजे, आणि दर गुरुवारचे शेवटचे दोन तास मंडळांचे, अशी तिथली शिस्त होती. तळाशी बारीक अक्षरांत छापले होते की, एकदा केलेली निवड वर्षअखेरपर्यंत बदलता येणार नाही. ती ओळ मुलीने वाचली होती. एकाहून अधिक चौकोनांत खूण करू नये, असे मात्र तक्त्यावर कुठेही लिहिलेले नव्हते. आणि जे लिहिलेलेच नाही ते न वाचल्याचा दोष कुणावर ठेवता येत नाही. तिने बुद्धिबळ, वादविवाद आणि पुस्तकबांधणी या तिन्हींवर खूण केली. तिचा हिशेब साधा होता. तिन्हींपैकी एक तरी आपल्याला चिकटेल.

हा हिशेब तिने अनुभवातून काढलेला होता. तिचे वडील पुलांच्या कामावर पर्यवेक्षक होते. पूल उभा राहिला की त्यांचे तिथले काम संपे आणि बिऱ्हाड पुढच्या नदीकडे निघे. ही तिची पाचवी शाळा. "लोकांना पलीकडे जाता यावं म्हणून आपलं घर दर वर्षी पलीकडे," असे तिची आई सामान बांधताना म्हणे. त्या सोमवारी सकाळी डबा हातात देताना आईने बजावले होते, "या वेळी भिंतीला पाठ लावून बसू नकोस. कशात तरी घूस. घुसल्याशिवाय कुणी विचारत नाही."

ती घुसली, आणि विचारणारे इतके निघाले की तिला बाहेर पडायला दारच उरले नाही.

कारण असे की, शाळेचा आणखी एक नियम होता. ज्या मंडळात सातांहून कमी सभासद, त्या मंडळाची खोली आणि कपाटाची किल्ली काढून घ्यायची. हे बघण्याचे काम शाळेच्या कारकुनाकडे होते. गुरुवारी तो वही घेऊन तळमजल्यापासून निघे, प्रत्येक खोलीच्या दारात उभा राहून बसलेली डोकी मोजी, आकडा लिही आणि पुढे जाई. हजेरी नावांची नव्हती, डोक्यांची होती. आणि तिने निवडलेल्या तिन्ही मंडळांत त्या वर्षी नेमके सहा-सहा सभासद होते.

पहिल्या गुरुवारी मधल्या सुट्टीत तिघे प्रमुख तिच्या बाकापाशी येऊन उभे राहिले. बुद्धिबळाचा प्रमुख उंच आणि तिरका चालणारा म्हणून त्याला सगळे उंट म्हणत. वादविवादाची प्रमुख वकील या नावानेच ओळखली जाई आणि तिला ते आवडे. पुस्तकबांधणीची प्रमुख होती डिंकी. तिच्या बोटांवर नेहमी वाळलेल्या खळीचे पापुद्रे असत आणि बोलताना ती ते सोलत बसे.

"ही आमची आहे," उंट म्हणाला. "पहिली खूण बुद्धिबळावर आहे."

"पहिली खूण म्हणजे पहिला हक्क, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?" वकील म्हणाली. "आणि ओढाताण केली तर तिघांचीही खोली जाईल. जरा डोकं वापरा. आपल्याला तिची दोन तासांसाठी गरज नाहीये. काका दारात उभे असतात तेवढ्यापुरतीच आहे."

डिंकीने अंगठ्यावरचा पापुद्रा काढला आणि मुलीला विचारले, "तुला चालेल?"

मुलीने मान हलवली. पाच शाळांत पहिल्यांदाच कुणीतरी तिच्यावरून भांडत होते. अशा वेळी नाही म्हणायला फार मोठे काळीज लागते, आणि ते तिच्याकडे नव्हते.

वकिलीणबाईंनी वेळापत्रक आखले. बुद्धिबळ तळमजल्यावर, वादविवाद पहिल्या मजल्यावर, पुस्तकबांधणी दुसऱ्या. मध्ये गायन, चित्रकला अशी इतर मंडळे. कारकून पुढच्या जिन्याने चढे. त्याचे गुडघे दुखत, म्हणून प्रत्येक वळणावर तो थांबे. मागे एक अरुंद जिना होता, त्याने कुणी जात नसे. तळमजल्यावर मोजणी झाली की मुलीने मागच्या जिन्याने वर पळायचे, पहिल्या मजल्यावर मोजून घ्यायचे, पुन्हा पळायचे. मंडळांवर देखरेख करणारे सर आणि बाई त्या वेळी शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासत बसलेले असत, त्यामुळे ही धावपळ पाहणारे कुणी नव्हते.

सगळे तिला सातवी म्हणू लागले. नववीतल्या मुलीला सातवी म्हणतात, याचे नव्या शिपायाला कोडे पडले, पण त्याने विचारले नाही.

पहिले काही आठवडे तिला पंख फुटल्यासारखे झाले. बुद्धिबळाच्या खोलीत तिची खुर्ची खिडकीजवळ राखलेली असे. तिने प्यादे हलवले की उंट म्हणे, "वा, विचार करून खेळतेस." वादविवादात ती पोचताच तिला बोलायला चार मिनिटे मिळत, आणि ती काहीही बोलली तरी सहा जण टाळ्या वाजवत. वर दुसऱ्या मजल्यावर वाचनालयाची फाटकी पुस्तके पुन्हा शिवण्याचे काम चाले. घडी घातलेल्या पानांच्या जुडग्याला तिथे फर्मा म्हणत. एकेक फर्मा दोऱ्याने मागच्याला ओवायचा, मग पाठीला खळ लावायची आणि दोन फळ्यांमध्ये घालून स्क्रू पिळायचा. तिथे ती पोचे तेव्हा घंटा व्हायला वीस मिनिटे उरलेली असत. तिला एक जुने प्रवासवर्णन दिले होते. दर गुरुवारी दोन-तीन फर्मे शिवून होत. डिंकी बघे आणि म्हणे, "झकास."

"मैत्रिणी झाल्या का गं?" आईने एकदा भाजी निवडताना विचारले.

"अठरा," ती म्हणाली. "म्हणजे त्यात मुलगेही आहेत."

"अठरा? मग घरी एकही कसा येत नाही?"

त्या रात्री नव्हे, तर दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला तिच्या लक्षात आले की, अठरांपैकी एकानेही तिला तिचे घर कुठे आहे हे विचारलेले नाही. बुद्धिबळाचा एकही डाव तिने शेवटपर्यंत खेळलेला नव्हता. वादविवादात तिच्या म्हणण्याला कुणी काय उत्तर दिले, हे तिला कधी ऐकायला मिळाले नव्हते. तिन्ही खोल्यांत तिच्यासाठी खुर्ची होती, आणि तिच्या वाट्याला आला होता तो मागचा जिना.

त्यानंतरच्या गुरुवारी ती दुसऱ्या मजल्यावर पोचली आणि तिने आपले पुस्तक उघडले. मागच्या खेपेस घातलेले टाके तिला नीट आठवत होते. घाईत दोन वाकडे पडले होते. समोरचे टाके मात्र सरळ, एका मापाचे होते.

"हे माझे नाहीत," ती म्हणाली.

डिंकीने बोट सोलणे थांबवले नाही. "नाहीत."

"तू उसवून पुन्हा शिवलंस?"

"दर आठवड्याला शिवते. घरी नेऊन. वाचनालयाचं पुस्तक आहे, पहिल्याच माणसाच्या हातात पानं सुटली असती."

"मग मला सांगायचं. झकास कशाला म्हणायचं?"

"आणि तू रुसून गेलीस तर? आमची खोली जाईल. इथे सहा जणांनी तीन वर्षं घालवलीत." डिंकी हे सहज बोलली, पाणी ओले असते असे सांगावे तसे.

मुलीने बराच वेळ दोऱ्याचे टोक सुईत घालण्याचा प्रयत्न केला. ते जाईना. "मी सातवी नसते," तिने शेवटी विचारले, "तर तू मला इथे बसू दिलं असतंस?"

डिंकीने खरोखर विचार केला. म्हणाली, "मला काय माहीत? तू सातवी नाहीस अशी मी तुला कधी बघितलेलीच नाही."

या उत्तराचा मुलीला राग आला, पण त्यात चूक दाखवता येईना. पुढच्या खेपेस तिने स्वतःच परीक्षा घ्यायची ठरवली. बुद्धिबळात तिने चौथ्याच चालीला आपला वजीर उंटाच्या घोड्याच्या माऱ्यात नेऊन ठेवला. तो वजीर आंधळ्यानेही मारला असता. उंटाने पटाकडे पाहिले, छताकडे पाहिले, आणि कोपऱ्यातले एक प्यादे एक घर पुढे सरकवले. "छान चाललंय," तो म्हणाला. वादविवादाच्या खोलीत तिने ज्या बाजूने बोलायचे तिच्या नेमके उलट बोलून दाखवले. टाळ्या नेहमीइतक्याच पडल्या, आणि वकील म्हणाली, "मुद्देसूद."

ती मागच्या जिन्यात येऊन उभी राहिली. तक्त्यावरची बारीक ओळ तिला आता पाठ होती: वर्षअखेरपर्यंत बदलता येणार नाही. वर्षाचे तीसेक गुरुवार उरले होते. तीस गुरुवार लोक तिचे वजीर सोडून देणार, तीस गुरुवार टाळ्या वाजवणार. एखादे मंडळ सोडावे तर सहा जणांची खोली तिच्यामुळे जाणार, आणि न सोडावे तर ती स्वतः कुठल्याच खोलीत नसणार. कुणी तिला डांबून ठेवले नव्हते. उलट सगळी दारे तिच्यासाठी अदबीने उघडी धरली जात होती, आणि म्हणूनच त्यातून सुटायचे कसे ते तिला कळत नव्हते.

खालून पावलांचा आवाज आला. सावकाश, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, कारकून त्याच जिन्याने वर येत होता. पुढच्या जिन्याच्या कठड्याला त्या दिवशी रंग लावला होता, ही गोष्ट वकिलीणबाईंच्या वेळापत्रकात नव्हती. जिना अरुंद होता. वर पळावे तर पावले वाजणार, खाली जावे तर तो समोर. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

कारकून तिच्यापासून तीन पायऱ्यांवर थांबला, धापा टाकल्या आणि पायरीवर बसला. "बस," तो म्हणाला. "दोघांनी उभं राहायला इथे जागा नाही."

ती बसली. "काका, मी फक्त..."

"लाल रिबिनी, दोन वेण्या, डाव्या भुवईवर खूण. बुद्धिबळ सात, वादविवाद सात, बांधणी सात. तक्ता खिडकीतून मीच घेतला होता, पोरी. तीन खुणा मी पहिल्याच दिवशी बघितल्या."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बसलेली डोकी मोजावीत, असा नियम आहे. कुणाची, ते मला कुणी विचारलेलं नाही. अठ्ठावीस वर्षं जे दारातून दिसलं तेच मी लिहिलंय, खोटा आकडा एक नाही." त्याने गुडघा चोळला. "जिन्यातलं डोकं मी आजवर बघितलं नव्हतं. आज बघितलं. आता ते दोनदा लिहिता येणार नाही."

"काका, एवढं वर्ष जाऊ द्या. दोन खोल्या जातील."

"जातील. त्या आधीच गेलेल्या होत्या. तुझ्यावर टांगून ठेवल्या होत्या, एवढंच." तो भिंतीला टेकला. "मला उठायला दहा मिनिटं लागतील. आज सगळं पहिल्यापासून मोजतो. तू जिथे बसलेली असशील तिथे सात."

दहा मिनिटांतली आठ ती पायरीवरच बसून होती. कुणाला वाचवायचे याचा विचार करता करता तिला कळले की ती भलताच प्रश्न सोडवते आहे. अठरांतल्या एकीनेच तिला खरे सांगितले होते, आणि ते ऐकायला गोड नव्हते. ती उठली आणि दुसऱ्या मजल्यावर गेली. कारकुनाने दारातून पाहिले, सात लिहिले आणि खाली उतरला. खालच्या दोन्ही खोल्यांसमोर त्याने सहा लिहिले.

पुढचा आठवडा सोपा नव्हता. वकील गायन मंडळात गेली आणि पाण्याच्या नळापाशी भेटली तेव्हा एवढेच म्हणाली, "आम्ही तुला टाळ्या वाजवल्या होत्या." मुलगी म्हणाली, "माहीत आहे." दोघींत त्यापुढे बोलणे झाले नाही, त्या वर्षी तरी.

मोडलेल्या मंडळांच्या सभासदांना दुसरीकडे जाणे भागच होते. गुरुवारी उंट आणि आणखी चौघे पुस्तकबांधणीच्या दारात येऊन उभे राहिले. बाके कमी पडली, खिडकीत बसावे लागले. खोलीत आता बारा डोकी होती. मुलीने ती मोजली, दोनदा. तिच्यावाचून कुणाचेच अडणार नव्हते. आणि बारीक अक्षरांतल्या त्या ओळीमुळे तिला तिथून वर्षअखेरपर्यंत हलताही येणार नव्हते. डिंकीला ती नको असेल, तर ते आता उघड होणार होते, आणि उघड झाल्यावरही तिला दर गुरुवारी त्याच खोलीत येऊन बसावे लागणार होते.

तिने डिंकीने घातलेले सगळे टाके उसवले आणि प्रवासवर्णन पहिल्या फर्म्यापासून स्वतः शिवायला घेतले. पहिल्यांदाच तिच्यापाशी पुरते दोन तास होते. उंटाने मध्येच विचारले, "तुझा वजीर मारायला हवा होता का गं मी?" ती मान वर न करता म्हणाली, "चौथ्याच चालीला." घंटा व्हायला पाच मिनिटे असताना शेवटची गाठ बसली. तिने पुस्तक डिंकीसमोर ठेवले. खोलीतल्या सहा जुन्या सभासदांनी काम थांबवले.

डिंकीने पुस्तक दोन्ही हातांनी उघडले, पाठ वाकवली, आतून बोट फिरवले, एका जागी दाबले, पुन्हा दाबले.

"तिसऱ्या फर्म्यापासून सैल आहे," ती म्हणाली. "सगळं उसव आणि परत शिव."