पहिली नळी

आंबीजवळच्या प्रयोगशाळेत चैताली रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी वाढवायची आणि कृत्रिम सांध्यातून झिजणाऱ्या धातूचे कण त्यांच्यावर सोडायची. फरशीसारख्या घट्ट बसलेल्या पेशी दोन दिवसांत आकसायच्या, मधे भेगा पडायच्या. ते बघून लोहगडवाडीला घरी आलं, की तिला आबांचा खुबा आठवायचा. आबा म्हणजे तिचे वडील हौशीराम. आठ वर्षांपूर्वी त्यांना धातूवर धातू फिरणारा सांधा बसवला होता आणि तेव्हापासून ते विकायच्या ताकाची घागर घेऊन पुन्हा गड चढायला लागले होते.

तिला चैन पडेना. रक्तात धातू किती उतरलाय ते तपासू, म्हणून ती महिनाभर मागे लागली. आबा दाद देईनात. शेवटी एका सकाळी वैतागून त्यांनी बाही वर सारली आणि बजावलं, की एकदाच, पुन्हा हे नाव काढायचं नाही.

इथंच तिनं माती खाल्ली. सुईच्या पोलादातल्या क्रोमियमचा अंश पहिल्या नळीत उतरतो, म्हणून ती फेकून दुसरी पाठवायची, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. पण निव्वळ फेकण्यासाठी आबांचं रक्त काढायला तिचा हात धजला नाही. तिनं एकच नळी भरली आणि तीच पुण्याला धाडली.

अहवालात क्रोमियम मर्यादेच्या दुप्पट आलं. आता ते खुब्यातलं, की तिच्या सुईतलं? दोन दिवस तिनं भाकऱ्या करपवल्या, कामावर पेशींच्या बश्या सांडल्या, स्वतःवरच चरफडत राहिली. तिसऱ्या दिवशी पिशवीत सुई-नळ्या घालून ती गडाच्या पायथ्याशी आबांच्या ताकाच्या टपरीवर गेली आणि सगळं कबूल केलं. ते हाकलून देतील, अशीच तिची तयारी होती.

आबांनी हातातला पेला खाली ठेवला. मग त्यांनी बाही वर सारली.

"काढ परत. फेकायची ती बी काढ."

"आबा, तुम्ही तर नको म्हणाला होतात."

"गड चढून वरीस झालं, पोरी. लय ठणकतंय. घागर शेजारचा गोरख नेतो वर. तुला कळलं तर डाक्तर पुन्यांदा कापत्याल, म्हणून गप बसलो."

ती कामावरून यायची तेव्हा आबा कायम बसलेलेच असायचे. त्यामागचं कारण तिला आत्ता कुठं उमगलं. तिनं पहिली नळी भरली. ती बाजूला ठेवताना तिला रडू आवरेना.